जिल्हा रुग्णालयातील डीईआयसी (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र): दोन वर्षांच्या फेऱ्यांनंतरचे मत

माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात जन्मला, तेव्हा त्याचे वजन 1300 ग्रॅम होते. नवजात शिशू कक्षात असतानाच त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली, कारण इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडून दृष्टी जाण्याचा धोका असतो. ती तपासणी चांगली निघाली. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘डीईआयसीमध्ये पाठपुरावा’ असे लिहून दिले होते. बाळ दूध पिते आहे, वजन वाढते आहे, या समाधानात मी ते कार्ड कपाटात ठेवून दिले.

ते पुन्हा बाहेर काढायला लावले आमच्या आशाताईंनी. नवव्या महिन्याच्या गृहभेटीत त्या आल्या, तेव्हा मुलगा बसत नव्हता, पण दहा आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे असतात हे मला ठाऊक असल्यामुळे मी निर्धास्त होते. आशाताईंचे लक्ष गेले ते त्याच्या पायांकडे. लंगोट बदलताना दोन्ही पाय ताठ होऊन एकमेकांवर चढत होते. वय वजा करून या गोष्टीचा उलगडा होत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही जिल्हा रुग्णालयात गेलो.

डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहे. या कार्यक्रमाची देशातील सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार प्रकारांतील मुलांची, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत, येथे मोफत तपासणी होते आणि पुढील उपचारांची व्यवस्था लावली जाते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सर्वजण एका छताखाली असावेत, ही त्यामागची कल्पना आहे.

तथापि, मला या केंद्राची खरी किंमत कळली ती तेथील समाजसेविकेमुळे. पहिल्या दिवशी त्यांनी जवळजवळ तासभर आमच्याकडून माहिती घेतली: घरी कोण कोण असते, एसटी किती वाजता मिळते, कामाचा दिवस बुडाला तर मजुरी किती जाते, बाळाला दिवसभर कोण सांभाळते. मग त्यांनी एक फाइल उघडली आणि श्रवण तपासणी, मेंदूचा एमआरआय व फिजिओथेरपिस्टची भेट यांच्या तारखा अशा लावल्या, की चार फेऱ्यांचे काम दोन फेऱ्यांत झाले. सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायू व हालचालींवरील ताबा बिघडण्याचे, निदान डॉक्टरांनी सांगितले, तेव्हाही त्या शेजारी बसून होत्या. डॉक्टर उठून गेल्यावर मी तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि त्यांनी प्रत्येक वेळी न कंटाळता उत्तर दिले. त्या अर्ध्या तासाबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन.

फिजिओथेरपीचा दर्जाही उत्तम होता. आठवड्यातून एकदा येऊन पाय ताणून घेतल्याने फारसे साधत नाही, दिवसभर बाळाला कसे धरायचे, कसे निजवायचे, कसे बसवायचे हे आईला आले पाहिजे, असा तेथील मॅडमचा आग्रह होता. कडेवर घेताना त्याचे पाय माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना यावेत, भिंतीच्या कोपऱ्यात बसवून समोर पाट ठेवावा आणि त्यावर वाट्या मांडाव्यात, हे त्यांनी माझ्याकडून करवून घेतले. सासूबाईंनाही एकदा मुद्दाम बोलावले, कारण दुपारी बाळ त्यांच्याकडे असते. सव्वा वर्षाचा असताना तो प्रथमच हात न टेकता बसला आणि वाटी वाजवू लागला.

यानंतर मात्र तक्रारीचा भाग येतो. येथील बहुतेक कर्मचारी कंत्राटी आहेत. मुलगा दीड वर्षाचा असताना मॅडम दुसरीकडे गेल्या आणि चार महिने ती जागा रिकामी राहिली. पायांचा ताठरपणा वाढू लागण्याच्या नेमक्या काळात पडलेला हा खंड फार महाग पडला. समाजसेविकेने जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आमची सोय लावून दिली आणि स्प्लिंटचे, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधाराचे, माप तेथेच घेतले गेले. परंतु ही सोय एका व्यक्तीच्या आस्थेमुळे झाली, व्यवस्थेत ती ठरलेली नव्हती. त्या रजेवर होत्या, त्या तीन आठवड्यांत आमची फाइल कोणी उघडलीसुद्धा नाही. एकेका मुलाची जबाबदारी जिच्यावर आहे, तिच्या अनुपस्थितीत ती कोणाकडे जाते, हे केंद्राने लेखी ठरवलेच पाहिजे. अपंगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचे ओळखपत्र) आणि 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारी निरामय विमा योजना यांची माहितीही आम्हाला तुकड्यातुकड्यांनी मिळाली. ती एका कागदावर छापून पहिल्याच भेटीत देता आली असती.

इतके असूनही, खासगीत दर भेटीला पैसे मोजून वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे हिंडणाऱ्या पालकांना मी आधी येथेच जायला सांगेन. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, तर निदान होण्याची वाट पाहू नका. डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचे कार्ड सोबत न्या, सकाळी लवकर पोहोचा आणि पुढच्या भेटीची तारीख फाइलवर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

मुलगा आता तीन वर्षांचा होईल. अंगणवाडीत त्याला कसे बसवायचे हे तेथील ताईंना दाखवण्यासाठी नव्या फिजिओथेरपिस्टने पुढच्या महिन्यात त्यांना केंद्रावर बोलावले आहे आणि त्या यायला तयार झाल्या आहेत.