कोर्टाकडून मुक्ती की नेमलेला पालक?
कॅलिफोर्नियात आई-वडिलांपासून वेगळं राहू पाहणाऱ्या 16 वर्षांच्या मुलापुढे दोन वाटा असतात. एक, कायदेशीर मुक्ती, म्हणजे कोर्टाने आई-वडिलांच्या ताब्यातून मोकळं करणं. त्याच्या अटी: वय किमान 14, घरच्यांची संमती किंवा निदान मूक मान्यता, स्वतःचे पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळणं आणि कमाई गुन्ह्यातली नसणं. मग भाडेकरारावर, डॉक्टरकडच्या संमतीपत्रावर स्वतःची सही चालते. पण आई-वडिलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क जातो! शाळा मात्र सुटत नाही, मतदानही 18 नंतरच.

दुसरी, मावशी-काकांना कोर्टाकडून पालक नेमणं. इथे खर्चाची जबाबदारी आई-वडिलांवरच राहते. साधारण 18 पर्यंत, हायस्कूल पूर्णवेळ चालू असेल तर फार तर 19. बापाचा पैसा नको हा मुलाचा बाणा समजतो, तरी त्याचा पगार तुटपुंजा असेल तर मी हीच वाट सुचवेन. 12 वर्षांचं किंवा त्याहून मोठं मूल त्यासाठी स्वतःही अर्ज करू शकतं.