स्कोप आणि नकारावरचा ऑनलाईन कोर्स केला, त्याबद्दल थोडं

सिमॅन्टिक्सचा, म्हणजे शब्दांचे आणि वाक्यांचे अर्थ कसे लागतात या अभ्यासाचा कोर्स काल संपवला आणि लगेच लिहायला बसले. कोर्स घ्यायचं कारण म्हणजे मागे एका ऑफिसातून मेसेज आला होता, "तुमची सगळी कागदपत्रं मिळाली नाहीत." मला वाटलं काहीच पोचलं नाही, सगळा गठ्ठा परत स्कॅन करून पाठवला, दोन दिवस त्यात गेले आणि मग कळलं की फक्त एक फॉर्म राहिला होता. त्यांना म्हणायचं होतं 'सगळी नाही आली', मी वाचलं 'एकही नाही आलं'. वाक्य तेच!

हे का होतं ते तिसऱ्या आठवड्यात इतकं छान उलगडलंय की तेवढ्यासाठी तरी कोर्स घ्याच. 'सगळी' हा क्वांटिफायर (किती ते सांगणारा शब्द) बाहेर आणि 'नाही' त्याच्या आत, म्हणजे त्याच्या स्कोपमध्ये (अर्थाच्या कक्षेत) असेल तर प्रत्येक कागदाबद्दल नकार, म्हणजे शून्य कागद. 'नाही' बाहेर असेल तर नकार फक्त 'सगळी'ला, मग चार आले एक राहिला तरी वाक्य खरंच. मॅडम फळ्यावर पाच मुलं काढतात, दोन पास तीन नापास, आणि विचारतात "सगळी मुलं पास झाली नाहीत, खरं की खोटं?" चित्र मुद्दाम असं का, तर पाचही नापास दाखवली असती तर दोन्ही अर्थ खरे ठरले असते आणि फरक कळलाच नसता. हा एक मुद्दा डोक्यात बसला की 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' हे पण वेगळंच ऐकू येतं, तिथे आपण न अडखळता 'नाही' बाहेर धरतो.

इतिहास थोडक्यात आहे, तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेनं १८७९ मध्ये क्वांटिफायरची मांडणी केली, मग बोलीभाषेच्या अर्थाला तर्कशास्त्र लावणाऱ्या मॉन्टॅग्यूचा १९७३ चा पेपर, मग भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट मेचा क्वांटिफायरवरचा १९७७ चा प्रबंध. पुरेसं आहे, जास्त ताणलं नाही ते बरं.

आता तक्रार. उदाहरणं जवळजवळ सगळी इंग्रजी, आणि क्विझ एकच उत्तर बरोबर धरतं. दोन अर्थ निघतात हे शिकवून परत एकच टिक करायला लावायचं हे मला अजिबात पटलं नाही. मराठीत तर 'च' लावला की झुकाव बदलतो, "सगळीच मुलं पास झाली नाहीत" म्हटलं की काही झाली असंच वाटतं, आणि "एकही मूल पास झालं नाही" म्हटलं तर दुसरा अर्थ उरतच नाही. शब्दांचा क्रम पण बघा, "प्रत्येक मुलानं एक पुस्तक वाचलं" यात पुस्तकं वेगवेगळी असू शकतात, "एक पुस्तक प्रत्येक मुलानं वाचलं" म्हटलं की तेच एक पुस्तक. आणि "तू जायला नको होतंस" आणि "तुला जायची गरज नव्हती" यात नकार कुठे बसतो ते बघा, पहिल्यात न जाणंच योग्य होतं, दुसऱ्यात जायचं बंधन नव्हतं एवढंच. यावर कोर्समध्ये एक ओळ नाही. बोलताना आवाजाच्या चढउतारानं अर्थ कसा ठरतो तेही पाच मिनिटांत उरकलंय, खरं तर माझा तो मेसेज कुणी फोनवर वाचून दाखवला असता तर दोन दिवस वाचले असते.

पाचातले चार स्टार. भाषांतर करणाऱ्यांनी, फॉर्म आणि नोटिसा लिहिणाऱ्यांनी तर नक्की करा, तिसरा आणि चौथा आठवडा दोनदा बघा आणि प्रत्येक उदाहरण मराठीत करून बघा.