बोवेडा ६९, सिगारची ओल राखणारं पाकीट: बेळगावच्या पावसात वर्षभर वापरून

निपाणीच्या तंबाखूत वाढलो, त्यामुळे पानाची ओल काय असते हे शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. शेतात वाळलेलं पान पहाटेच्या दवात गोळा करायचं. ऊन चढलं की हात लावायचा नाही, लावला तर चुरा. अप्पा मूठभर पान दाबून मूठ सोडायचे. पान सावकाश उलगडलं तर काम सुरू, कडाडलं तर "राहू दे, उद्या बघू."

सिगारचा नाद लागला तो चाळिशीनंतर. रविवारी संध्याकाळी गच्चीवर एक, बस्स. बिडीत चुरा आणि वर तेंदूचं पान. चांगल्या सिगारला आत, मधे आणि वर, सगळं तंबाखूचंच पान, आणि आतलं अख्खं लांब. गेल्या मे महिन्यात एका दुकानातून दोन रोबस्टो, म्हणजे आखूड जाड सिगार, आणले. पाच इंच लांब, पन्नास रिंगचे, म्हणजे जाडी एक इंचाच्या ६४ भागांतले ५०. टोक कापताना वरचं पान टरकन फाटलं. पेटवल्यावर धूर गरम आणि जिभेला झोंबणारा. दुकानात उघड्या काचेच्या कपाटात ठेवले होते, दुसरं काय होणार!

मग बोवेडाची ६० ग्रॅमची पाकिटं मागवली, ६९ टक्क्यांची, म्हणजे डब्यातल्या हवेची ओल ६९ टक्क्यांवर धरून ठेवणारी. आत मीठ आणि पाणी, वरून बाष्प जाऊ-येऊ देणारा पडदा. डब्यात हवा कोरडी झाली की ओल सोडतं, जास्त झाली की ओढून घेतं. एका पाकिटाला पंचवीस सिगार असा हिशोब. सिगारची लाकडी पेटी न घेता मी चारही बाजूंनी कड्या लागणारा हवाबंद डबा घेतला.

ओल मोजायचं छोटं यंत्र मात्र आधी तपासा. बाटलीच्या टोपणात मीठ, त्यावर ओलसर होईल इतकंच पाणी, यंत्रासह बंद पिशवीत रात्रभर. ७५ दाखवायला पाहिजे. माझं ७१ दाखवत होतं, म्हणून मी चार मिळवून वाचतो.

खरी परीक्षा जुलैत झाली. आमच्याकडे तेव्हा कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ पाझरतं. डब्यात आकडा ६८-६९ च्या बाहेर गेला नाही, पाकीट तेवढं फुगून लिबलिबीत झालं. एप्रिलमध्ये उलट, कोपऱ्यांत कडक खडे झाले. पूर्ण कडक झालं की बदलायचं. एका बऱ्या सिगारच्या किमतीत हे मिळतं, मला ते महाग वाटत नाही.

एक गोष्ट पाकीट करत नाही: किडा थांबवत नाही. वखारीत पानाला बारीक भोकं पाडणारा तोच किडा सिगारलाही लागतो आणि उकाड्यात त्याची अंडी फुटतात. उन्हाळ्यात डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत ठेवा.

दिवाळीत अप्पा आले होते. ते ओढत नाहीत. डब्यातला एक सिगार घेऊन अंगठा आणि दोन बोटांत हळूच दाबला, कानाजवळ नेला, परत ठेवला. "पान बरं ठेवलंयस की रे," म्हणाले. मला एवढं पुरे होतं.

तक्रार एकच. ६९ वर जाड सिगार मधेच विझतो, दोनदा तरी पुन्हा पेटवावा लागतो. पुढची पाकिटं ६५ ची मागवली आहेत.