साखरपुड्याला क्लोज-अप जादूगार बोलावला होता, त्याचा अनुभव

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा झाला, नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, साधारण दीडशे माणसं. आम्ही नाशिकचे, मुलाकडचे कोल्हापूरचे, दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना जेमतेम दोनदा बघितलेलं. अशा कार्यक्रमात काय होतं ते माहितीये सगळ्यांना. अंगठ्या घालून होतात, ओटी भरून होते, मग नवरा-नवरी फोटोग्राफरच्या ताब्यात जातात आणि जेवणाला अजून तास दीड तास असतो. तेवढा वेळ मुलीकडचे एका बाजूला, मुलाकडचे दुसऱ्या बाजूला, मधे रिकाम्या खुर्च्यांची रांग. त्या तासासाठी मी हा जादूगार बोलावला. दोन तासांचे पंधरा हजार दिले आणि एक रुपया वाया गेला असं वाटलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले स्टेज कुठे आहे आपल्याकडे. त्यांच्यासाठी जादू म्हणजे जादूगार रघुवीर, शाळेत असताना त्यांचा प्रयोग बघितलेला तो अजून सांगतात. तर ही ती जादू नाही. इथे स्टेज नाही, माईक नाही, पेटीबिटी काही नाही. एक माणूस साध्या जॅकेटमधे तुमच्या टेबलापाशी येतो, खिशात पत्त्यांचा कॅट, दोनचार नाणी, स्पंजचे गोळे, आणि सगळं तुमच्या नाकासमोर, बऱ्याचदा तुमच्याच हातात घडतं.

सगळ्यात आवडलं ते त्याचं टेबलाशी येणं. थेट येऊन पत्ता ओढा असं नाही. आधी टेबलावर सगळ्यात मोठं कोण ते बघायचा, त्यांना नमस्कार, दोन मिनिटं बसू का विचारायचा, कुणी नको म्हटलं तर हसून पुढे. माझ्या एका चुलत भावाच्या रिसेप्शनला अँकरने माईकवर नावं पुकारून काका-काकूंना उठवून नाचायला लावलेलं, काकू रडवेल्या झाल्या होत्या, ते मी विसरलेले नाहीये. इथे कुणालाच ओढून पुढे आणलं नाही.

मुलाकडचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, शेतकरी माणूस, कानाला मशीन, त्यामुळे गर्दीत त्यांना काही ऐकू येत नाही आणि ते गप्प बसून होते. जादूगार त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला, काही बोललाच नाही. लिंबाएवढे दोन लाल स्पंजचे गोळे दाखवले, एक स्वतःच्या मुठीत घेतला, एक आजोबांच्या हातात ठेवून त्यांची बोटं एकेक करून मिटली. स्वतःची मूठ उघडली तर रिकामी. मग आजोबांना खूण केली. त्यांनी ती जाडजूड मूठ अगदी सावकाश उघडली आणि दोन्ही गोळे टुणकन फुगून बाहेर. आजोबा एवढ्या मोठ्यांदा "आरं लेका!" म्हणाले की बाजूची तीन टेबलं वळली. मग त्यांनी टेबलावरच्या तीन स्टीलच्या वाट्या पुढे ओढल्या आणि गावच्या जत्रेत मदारी वाट्यांखाली गोळ्या कशा फिरवायचा ते सांगायला लागले, त्याच्या वाट्यांना वर गाठीसारखी मूठ असायची, ती बोटांच्या बेचक्यात धरून वाटी उचलायची, ते हाताने करून दाखवलं. आमची आजी शेजारच्या टेबलावर होती, ती म्हणाली आमच्याकडे पंचवटीत पण यायचा, आणि खुर्ची ओढून तिथेच बसली. जादूगार केव्हाच पुढच्या टेबलावर गेलेला, हे दोघं पानं वाढेपर्यंत बोलत होते.

मला जे सांगायचंय ते हेच. जादू एका टेबलावर सहा-सात मिनिटं चालते, पण ती झाल्यावर माणसं एकमेकांकडे बघतात, तुम्ही पण पाहिलंत ना, कसं केलं असेल हो, आणि तिथून बोलणं सुरू होतं. ऑर्केस्ट्रा असला की सगळे समोर बघतात, इथे सगळे एकमेकांकडे बघतात. अर्ध्या तासात मधल्या रिकाम्या खुर्च्या भरल्या होत्या, आमची मुलं त्यांच्या मुलांबरोबर त्याच्या मागे मागे टेबल टू टेबल फिरत होती.

तरुण पोरांच्या टेबलावर वेगळाच रंग. आमचा एक भाऊ इंजिनिअर, तो म्हणाला परत दाखवा, मी पकडतो. सही केलेला पत्ता कॅटच्या मधे घालायचा आणि तो परत वरती येतो, तो प्रकार. पाच वेळा दाखवला, पाचही वेळा किलवरची नव्वी वरती. मग जादूगाराने पोरांना सांगितलं की १९२२ साली शिकागोमधे डाय व्हर्नन नावाच्या पत्त्यांच्या जादूगाराने हाच खेळ खुद्द जगप्रसिद्ध जादूगार हुडिनीला दाखवला होता, आणि कुठलीही जादू तीनदा दाखवा, मी ओळखतो म्हणणाऱ्या हुडिनीला पुन्हापुन्हा बघूनही तो सुटला नव्हता. भावाचा चेहरा एकदम खुलला. हरल्यासारखं वाटू न देता हरवणं, ही मला फार मोठी कला वाटते.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण सांगते. लॉन्सवाल्यांचा डीजे इतका जोरात होता की पहिली वीस मिनिटं टेबलावरचं बोलणं ऐकूच येईना, मी दोनदा जाऊन आवाज कमी करून घेतला. जांभळे लाइट होते, त्यात बदाम आणि चौकट ओळखू येत नाही, ते पण बदलायला लावले. त्यामुळे तुम्ही बुक करणार असाल तर हॉलवाल्यांशी हे आधीच बोलून ठेवा. आणि दीडशे माणसांना एक जादूगार कमी पडतो, आमच्या मामांचं टेबल राहूनच गेलं, ते नाराज झाले आणि बरोबर आहे त्यांचं. शंभरच्या वर माणसं असतील तर दोघं बोलवा, नाहीतर वेळ वाढवून घ्या. जेवण सुरू झालं की मात्र तो स्वतःहून थांबला, भरल्या हाताने कोण पत्ते धरणार.

शेवटचा खेळ त्याने नवरा-नवरीबरोबर करायचं ठरवलेलं, पण ते दोघं फोटोतच अडकलेले, म्हणून मी म्हटलं दोन्ही विहीणबाईंना घ्या. आईने बदामच्या राणीवर सही केली, मुलाच्या आईंनी इस्पिकच्या राजावर. दोन्ही पत्ते एकावर एक आईच्या तळहातांमधे ठेवले, वरून त्यांनी आपले दोन्ही हात ठेवले. आईचे हात थरथरत होते, त्यांनी घट्ट धरले. उघडलं तर आत एकच पत्ता, एका बाजूला आईची सही, उलटा केला की दुसऱ्या बाजूला त्यांची. दोघी आळीपाळीने उलटसुलट करून बघत बसल्या, पत्ता नखाने सोलून पण बघितला.

तो पत्ता सध्या आमच्या शोकेसमधे आहे. परवा कोल्हापूरहून फोन होता, मेनूचं बोलून झाल्यावर त्यांच्या आईंनी विचारलं, पत्ता नीट ठेवलाय ना? लग्न झालं की तो बहिणीबरोबर तिकडे जाणार असं दोघींचं ठरलंय. लग्नासाठी जादूगाराची तारीख घेऊन ठेवली आहे, ह्यावेळी तीन तास, आणि सुरुवात मामांच्या टेबलापासून.