कॉलरवरची कॅसेट की स्टँडवरचा पंप?

रबाळे एमआयडीसीतल्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या शेडमध्ये क्रोमची टाकी चालू झाली की बुडबुडे फुटतात आणि क्रोमिक आम्लाचे बारीक तुषार हवेत उडतात. त्यातला हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं घातक रूप, नाकाचा पडदा पोखरतो, फुप्फुसाचा कर्करोग करतो. म्हणून हवा मोजायची. पण कुठे?

टाकीजवळ स्टँडवर हवा ओढणारा पंप ठेवणं सोपं. कामात अडथळा नाही, एक्झॉस्ट नीट ओढतोय का हेही कळतं. त्यापलीकडे मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, कारण स्टँड वाकून जॉब, म्हणजे मुलाम्याची वस्तू, उचलत नाही. माणूस उचलतो, नेमका तुषारांत तोंड घालून.

दुसऱ्या पद्धतीत पंप कामगाराच्या कमरेला आणि पीव्हीसी फिल्टरची कॅसेट, म्हणजे फिल्टर बसवलेली छोटी डबी, कॉलरवर, नाकापासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत. मिनिटाला २ लिटर, म्हणजे ८ तासांत ९६० लिटर हवा. नळी अडकते, उकाड्यात पट्टा काचतो, कामगार वैतागतात. ते खरंच आहे. तरी कामगाराच्या श्वासातल्या हवेसाठी ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचा आकडा हाच. आपल्या जुन्या कारखाने कायद्यात ती घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम होती, अमेरिकेत २००६ पासून फक्त ५. मी तरी ५ चाच आकडा समोर ठेवीन.

पैसे एकाच पद्धतीपुरते असतील तर कॉलरवरचीच घ्या, तीही टाकीवरच्या माणसाला लावून. आणि फिल्टर कपाटात पडू देऊ नका. त्यावरचा हेक्झाव्हॅलंट हळूहळू ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी घातक रूपातला, होतो, मग अहवालात आकडा खोटाच कमी दिसतो.