रेडकू म्हशीखाली वाढवावं की बादलीवर?

राज्यात २०१५पासून गोवंश हत्याबंदी आहे. त्यामुळे मुंबईच्या तबेल्यात मांसासाठी वाढवायचं ते रेडकूच. ते म्हशीखाली सोडायचं की बादलीवर पाजायचं, हे ठरवताना आरे-जोगेश्वरीत लिटरचा हिशेब सगळेच मांडतात. पोटातल्या जिवाणूंचा हिशेब राहतो आणि मग महाग दूध पाजूनही अंग धरत नाही.

पहिल्या दिवशी मात्र निवड नाही. ३० किलोच्या रेडकाला दिवसभरात ३ लिटर चीक हवा, त्यातला निम्मा जन्मल्यावर दोन तासांत. रोगाशी लढणारी प्रथिनं आतडं जशीच्या तशी शोषून घेतं ते जेमतेम २४ तास. आतड्यात आधी शिरतात ई. कोलायसारखे जिवाणू. ते तिथला ऑक्सिजन संपवतात, तेव्हा कुठे ऑक्सिजन न मानवणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स या जिवाणूंना जागा होते. चीक उशिरा मिळाला तर या पहिल्या टोळीवर वचक राहत नाही आणि पांढरी हगवण लागते. खरवसाला गिऱ्हाईक असतंच, पण पहिला चीक रेडकाचा.

म्हशीखालच्या रेडकाला सडाच्या कातडीवरून, लाळेतून, चाटण्यातून जिवाणू फुकट मिळतात. कोठीपोट म्हणजे चार कप्प्यांच्या पोटातला चारा आंबवणारा मोठा कप्पा; तिथले प्रोटोझोआ (एकपेशी जीव) तर मोठ्या जनावराच्या लाळेतूनच येतात. एकटं वाढवलेलं वासरू त्यांच्यावाचूनच राहतं. शिवाय मान वर करून लुचताना अन्ननलिकेची पन्हाळ, म्हणजे तिच्या टोकाची खाच, नळीसारखी नीट मिटते आणि दूध कोठीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात जातं. अडचण एकच: पोटात किती गेलं ते कळत नाही. पान्हा फुटेपर्यंत लावून रेडकू ओढून घ्यायचं, हा तबेल्यातला रिवाज म्हणजे उपासमारच. पावसाळ्यात शेणाने माखलेली कास न धुता लावली तर फुकटचे जिवाणूही महागात पडतात.

बादलीत माप हातात राहतं. दूधपावडर असेल तर लिटरभर पाण्याला १२५ ते १५० ग्रॅम, पाजताना ३८-३९ अंश. थंड दूध, चुकलेली वेळ, घटाघटा पिणं, यांपैकी काहीही झालं की पन्हाळ अर्धवट मिटते. दूध कोठीपोटात सांडून आंबतं, पोट फुगतं, शेण चिकणमातीसारखं होतं. म्हणून उघड्या बादलीपेक्षा निपल लावलेली बरी. औषध चालू असलेल्या, दगडी (कासेची सूज) झालेल्या म्हशीचं दूध ‘वाया कशाला’ म्हणून बादलीत ओतू नका. त्यातलं प्रतिजैविक चांगले जिवाणू मारतं आणि औषधाला दाद न देणारे मागे ठेवतं.

कोठीपोट मात्र दुधाने वाढत नाही, कारण नीट पाजलेलं दूध तिथे जातच नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा (भरडलेलं धान्य) आणि ताजं पाणी ठेवा. भरड्यावर जिवाणू ब्युटिरिक आम्ल बनवतात, त्यातून आतल्या भिंतीवरचे बोटांसारखे उंचवटे वाढतात. नुसत्या चाऱ्याच्या कुट्टीवर ते खुरटतात, पोट तेवढं सुटतं. नुसत्या भरड्याने आम्ल वाढून ते एकमेकांना चिकटतात, म्हणून चिमूटभर सुकं गवत हवंच. सलग तीन दिवस ७०० ग्रॅम ते किलोभर भरडा खाल्ला की दूध तोडा. वयावर जाऊ नका.

एक-दोन रेडकं असतील तर म्हशीखालीच ठेवा, पण एक सड पूर्ण त्यांच्यासाठी सोडा. दहा-बारा असतील तर चिकानंतर बादली, आणि कुंपणापलीकडे एखादी निरोगी म्हैस, नाकाला नाक लागेल इतकी जवळ. जंताचं औषध दहाव्या ते पंधराव्या दिवशी दोन्हीकडे लागतं, कारण गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनच येतात. मात्रा पशुवैद्याकडून वजनावर ठरवून घ्या.