सॅटिसखाली घेतलेली चिलीम

दोन हजार एकशे पन्नास रुपये गेले. रक्कम काही डोक्यावर आभाळ कोसळावं एवढी नाही, पण ज्या रीतीने गेली ते आठवलं की अजून कान तापतात.

मी आणि माझा मित्र महिन्यातून एखाद्या शनिवारी घोडबंदर रोडला त्याच्या घरी हुक्का लावतो. (धूर पाण्यातून आला म्हणून निरुपद्रवी होत नाही हे मलाही कळतं. त्यावरचं कीर्तन घरी रोज असतं.) आमची जुनी चिलीम, म्हणजे हुक्क्याच्या डोक्यावरची तंबाखू भरायची वाटी, हल्लीची पोरं जिला बाऊल म्हणतात ती, साधी मातीची, तळाला पाच भोकं असलेली. तंबाखूचा पाक त्या भोकांतून गळून थेट पाण्यात उतरायचा. फनेल चिलमीत तळाला भोकं नसतात, मधोमध छोटं धुराडं असतं. पाक खाली वाटीतच राहतो, धूर तेवढा धुराड्यातून जातो. आम्हाला तशी हवी होती.

इन्स्टावर एक दिसली. 'इजिप्तची, हातघडणीची, ग्लेझवाली', निळीशार, १,८०० रुपये. "ठाण्यातच आहात ना दादा? मग सॅटिसखाली भेटू, कुरिअरचे वाचतील."

सॅटिस म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरचा बसचा उन्नत पूल. संध्याकाळी साडेसातची वेळ, तिथली गर्दी तुम्हाला माहीतच आहे. पोरगा आला, हेल्मेट शेवटपर्यंत काढलं नाही. बॅगेतून चिलीम काढून हातात दिली. चांगली जड होती, नखाने टिचकी मारली तर खणखणीत वाजली. मी खूश. मग म्हणाला, "ही सॅम्पलची आहे, तुमची पॅक करून आणलीय. इथे उघडू नका, धक्काबुक्कीत फुटेल." टेप गुंडाळलेला खोका घेतला, क्यूआर स्कॅन केला आणि रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो. इथेच माती खाल्ली.

शनिवारी चिलीम भरली, फॉईल ताणली, नारळाचे तीन निखारे ठेवले. दहा मिनिटांत गणपतीच्या आधी ग्रिलला ऑइलपेंट मारतात तसला वास. काठावर निळे फोड आले होते. निवल्यावर नख लावलं तर पापुद्रा निघाला आणि खाली लाल माती. तोवर दोघांनी पाच-सहा झुरके ओढून झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती कळव्यातल्या एका माठवाल्याला दाखवली. त्याने रंगाकडे पाहिलंच नाही, आधी उलटी केली. बोट पाण्यात बुडवून तळावर टेकवलं. पाणी क्षणात पिऊन गेली. "कच्ची भाजलीय, आणि रंग नंतर फासलाय. ग्लेझ भट्टीत वितळून काचेसारखा मातीला धरतो, किल्लीने खरवडून निघत नाही." मग धुराड्यात डोकावून हसला. भोक तिरपं, आणि धुराडं काठापेक्षा वर आलेलं. तरीच फॉईलला मध्ये टेंगूळ येऊन निखारे घसरत होते.

विक्रेत्याला मेसेज टाकला. लगेच "सॉरी दादा, गोडाउनची चूक". बदलून देतो, फक्त पिकअपचे ३५० पाठवा. मी पाठवले! पहिल्यांदा फसलो ते गर्दीमुळे म्हणू, ह्याला काय म्हणायचं? तासाभरात ब्लॉक.

आणि मी आठ दिवस गप्प बसलो. मुंबईच्या कमला मिलमधल्या पबच्या आगीनंतर २०१८ मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली, तेव्हापासून हुक्क्याचं सगळंच चोरीछुपे चालल्यासारखं वाटतं. पोलिसांना सांगायचं काय, घरी कळलं तर काय, ह्यातच दिवस गेले. माझ्यासारखा माणूस तक्रार करणार नाही, हे त्या पोराने धरूनच ठेवलं असणार. शेवटी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तिथे तक्रार लगेच गेली तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. आठ दिवसांनी कसले अडतात? शिवाय बिल नाही, चॅट आपोआप पुसली जाणारी, हाती फक्त दोन यूपीआय नोंदी आणि फोड आलेली चिलीम.

परवा मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. तीच निळी चिलीम, अकाउंटचं नाव दुसरं, भाव १,६००. सहा फोटो आहेत, तळाचा एकही नाही.